भिंत नसलेली वेस

माझ्या थोरल्या मामाइतका कर्तव्यदक्ष आणि निरुपयोगी पहारेकरी साऱ्या झाडीपट्टीत झाला नसेल. तिकडच्याच प्रतापगडाच्या अलीकडे असलेल्या त्याच्या गावाला एके काळी परकोट होता. त्याचे दगड गावकऱ्यांनी विहिरींना, गोठ्यांना, झालंच तर जावयांच्या न्हाणीघरांना लावून संपवले. धानाच्या बांध्यांत एकटी वेस तेवढी उरली, सागवानी कवाडांसकट. तिची किल्ली मामाच्या घराण्याकडे गोंड राजाच्या काळापासून होती. राजा गेला, इंग्रज गेला, मालगुजारीही गेली. मामा रोज दिवेलागणीला वेशीला कुलूप लावायचाच. गुरं, गाड्या, माणसं बाजूने खुशाल आत यायची. तिकडे तो ढुंकूनही पाहत नसे. वेशीतून येणाऱ्याला मात्र "कोन गाव? कायले आले?" असं विचारल्याशिवाय सोडायचा नाही. सख्ख्या बहिणीची वरात आली तेव्हा त्याने नवरदेवालाही हेच विचारलं. तो नवरदेव म्हणजे माझे वडील. त्यांनी ते जन्मभर मनात ठेवलं.

मग गावात सडक यायची ठरली, आणि आखणीत नेमकी वेस आली. पाहणीला साहेबाची जीप येणार म्हणताच मामाने भरदुपारी कुलूप ठोकलं. ड्रायव्हर जीप बाजूने वळवू लागला तर हा आडवा!

"बाजूनं चोर जाते. साहेब वेशीतूनच येते!"

साहेब बिचारा सज्जन, हसून उतरला. मामाने कमरेला हात लावला तर किल्ली घरीच राहिलेली. ती आणायला तो आपल्या चालीने गेला आणि साहेब तासभर उन्हात कुलपाकडे पाहत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "राहू द्या तुमची वेस. सडक पलीकडच्या गावातून नेतो."

मामाने गावभर गूळ वाटला, आणि आम्ही मूर्खांनी तो खाल्ला.

दोन वर्षांत आठवडी बाजार सडकेवर गेला. त्यामागे किराणावाला गेला, लोहारही गेला. मी चिडून मामाला नको ते बोललो आणि बरेच दिवस तिकडे फिरकलो नाही.

पुढे एकदा दिवेलागणीला गेलो. वेस सताड उघडी, आणि मामा ओट्यावर बसलेला.

"मामा, काऊन बंद नाही केली?"

"राहू दे, बापू. सडकेवरून कोनी इकडं पाह्यलं, त वेस बंद दिसाले नको."

मी मुद्दाम वेशीतून आत शिरलो आणि त्याच्यापुढे थांबलो. त्याने सरकून मला बसायला जागा दिली. कोन गाव, कायले आले, काहीच विचारलं नाही. ते मला फार लागलं.