शिरीषावरचे पिंगळे

विश्रामबाग भागातल्या आमच्या बागेत फिरायला येणारी निम्मी माणसं पोट कमी करायला येतात आणि उरलेली दुसऱ्याच्या घरची खबर काढायला. पाखरं बघायला येणारे एकटे महावीरअण्णा मगदूम. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी कॅमेरा घेतला, तेव्हा गुणमालावहिनी म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर गिऱ्हाईकं बघितली, आता कावळे बघा."

अण्णा जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवतात. त्यामुळे तिन्हीसांजेला ते बागेतल्या बाकावर मोकळे असत, आणि पिंगळेही त्याच वेळेला बाहेर पडतात. पिंगळा म्हणजे वीतभर घुबड. फाटकासमोरच्या जुन्या शिरीषाच्या ढोलीत एका जोडीनं घर केलं होतं, आत पिल्लं होती. अण्णा बाकाच्या पुढं कधी गेले नाहीत. फ्लॅश मारला नाही. झाड कुठलं ते वहिनींनाही सांगितलं नाही. पिल्लं पहिल्यांदा उडतील तो फोटो त्यांना हवा होता, बाकी काही नाही. पिल्लांनी ढोलीतून डोकी बाहेर काढली, तो एक फोटो मात्र त्यांनी न राहवून फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला.

विश्वजित हा आमच्या वॉर्डातला होऊ घातलेला पुढारी. त्याचा वाढदिवस जवळ आलेला. "अण्णा, तुमचा फोटो मोठ्ठा करून लावतो. नाव तुमचंच," तो म्हणाला. दुकानाच्या पाटीवरसुद्धा ज्याच्या वडिलांचंच नाव राहिलं, त्या माणसाला मोह झाला. अण्णांनी फोटो दिला आणि वहिनींना घेऊन चार दिवस कुंभोजच्या बाहुबलीच्या दर्शनाला गेले.

परतल्यावर सकाळी आम्ही बरोबरच बागेत शिरलो. शिरीषाच्या बुंध्यावर फ्लेक्स होता, खिळे ठोकून गच्च बसवलेला. वर विश्वजितचा हसरा चेहरा, खाली पिंगळ्याची पिल्लं, कोपऱ्यात अण्णांचं नाव. चौकटीवर भर उजेडात एक पिंगळा बसला होता, चोचीत नाकतोडा धरून. तो मान वाकवून खाली बघे आणि तिथंच बसून राही.

विश्वजितचा उजवा हात आकाराम खुर्च्या मांडत होता. "आवं अण्णा, जिथला फोटो तितंच लावलाय. फोटोतली साल बघून झाड हुडकलं. लय फिरलो."

त्याला खरोखर आनंद झाला होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"काढ ते," अण्णा म्हणाले.

"कार्यक्रम झाल्यावर काढू की. आता दादांचा फोटो फाटला तर राडा हुईल."

मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारे अण्णा खुर्चीवर चढले आणि खिशातल्या किल्लीनं त्यांनी विश्वजितचं तोंड टराटरा फाडलं. ढोली त्याच्यामागेच होती. आत हात घालून त्यांनी एकेक करून तीन पिल्लं बाहेर काढली. तिन्ही मेलेली होती, चोची उघड्याच.

दिवसभर ग्रुपवर निषेध चालला, फाटलेल्या तोंडाचा. पिल्लांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी अण्णांनाच ग्रुपमधून काढून टाकलं.

संध्याकाळी विश्वजित मोठ्या मनानं घरी आला. मी तिथंच होतो.

"अण्णा, तुमी वडीलधारे. सोडून दिलं. नवा फ्लेक्स करायला टाकलाय. पिल्लांचा दुसरा एखादा फोटो असंल तर द्या की."

अण्णांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. ह्यात तिन्ही जिती हाईत."

विश्वजित थँक्यू म्हणून गेला.