आईच्या पायातलं पाणी

आईचे पाय सुजले आणि आमच्या माणमधल्या घरात सगळेच डॉक्टर झाले. "वहिनी, पायात पानी उतरलंय, आता पानी कमी प्या," चुलत्यानं फर्मान सोडलं. आईनं ते मुकाट्यानं पाळलं. दिवसाला एक तांब्या! मी मुंबईहून आलो तेव्हा तिचे ओठ फुटले होते, पोटरीवर बोट दाबलं की खड्डा राहत होता. माझं डोकंच फिरलं. चुलत्याला वाट्टेल ते बोललो आणि दोघांनाही गाडीत घालून साताऱ्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघितल्या. "पाणी जास्त झालेलं नाही, चुकीच्या जागी गेलंय. प्रथिनं पाण्याला रक्तात धरून ठेवतात. यांच्या रक्तात तीच कमी पडलीत, म्हणून पाणी झिरपून पायात साठतंय. जेवता काय तुम्ही?"

"भाकरी, चटणी. समद्यांचं झाल्यावर."

"दूध?"

"डेअरीला जातंय."

चुलत्यानं मान खाली घातली. मी त्याच्यावर पुन्हा तोंड टाकणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "अंडी तरी?"

"कोंबड्या हायत की," आई माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाली. "पर अंडी ह्यो आला की ह्याला लागत्यात."