पॉम्पेईतल्या बगलफुटी

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वर्षभर औषधं आणि खतं चांगली खपवली की कंपनी डीलरला परदेशात फिरवून आणते. बहुतेकांच्या नशिबी बँकॉक येतं. पण दोन हजार साल उलटल्यावर द्राक्षाला असे काही बरे दिवस आले, की आमच्या कंपनीचाही हात सैल सुटला आणि एका जूनमध्ये आम्हा नाशिक जिल्ह्यातल्या पंधरा-वीस डीलरांना चक्क इटलीकडची बोट मिळाली. सात दिवस, दोघादोघांना. माझं निफाडला कृषी सेवा केंद्र. बायको म्हणाली, "मला एस.टी. लागते, तर बोट लागणार नाही का? तुम्ही दादांना न्या." वडिलांना आम्ही घरात सगळेच दादा म्हणतो.

गावात माझं फार कौतुक झालं. आईच्या माघारी बापाला समुद्रावर फिरवणारा मुलगा! पण मी काही इतका गुणी नव्हतो. मला दादांची सही हवी होती. औरंगाबाद रोडला लागून आमची अडीच एकर द्राक्षबाग होती, दादांनी ऐन उमेदीत स्वतःच्या हातांनी लावलेली. आता झाडं म्हातारी झाली होती, माल घटला होता आणि रोडच्या दोन्ही अंगांना भराभर लॉन्स उभी राहत होती. आपणही बाग काढावी, हिरवळ लावावी, स्टेज बांधावं आणि लग्नाची भाडी घ्यावीत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जमीन दादांच्या नावावर. बिनशेतीच्या अर्जावर त्यांची सही लागणार. वर्षभर मी विषय काढला, की दादा पाणी बघायला म्हणून उठून जायचे. म्हटलं, बोटीवरून उठून कुठे जातील? तो अर्ज मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पार इटलीपर्यंत नेला होता. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा हुशारी वाटली होती.

माझा हा डाव दादांनी पहिल्याच दिवशी मोडला. बोटीवर सगळ्यात वरच्या मजल्यावर झाडांच्या कुंड्या आहेत हे त्यांनी शोधून काढलं आणि मी जरा खाकरलो, की ते कुंड्या बघायला जायचे. पांढरा पायजमा, टोपी आणि कुंडीच्या मातीत खुपसलेलं बोट. बोटीवरचे गोरे लोक त्यांना माळी समजून सरबत कुठे मिळेल ते विचारायचे. उरलेल्या वेळात बाकीचे डीलर भोवती असायचेच. त्यातल्या निम्म्यांना दादांनीच कधी ना कधी छाटणी शिकवलेली. जेवताना, चहाला, झोपेपर्यंत आमची द्राक्ष परिषद चालू.

पाचव्या दिवशी बोट नेपल्सला लागली. बाकी मंडळी खरेदीला निघाली. मी म्हटलं, दादा, आपण दोघंच आगगाडीनं जाऊ, राखेत गाडलेलं एक जुनं गाव आहे ते बघू. दादा लगेच तयार झाले. टूर मॅनेजरनं मला बाजूला घेऊन बजावलं, "बोटीच्या बसनं गेलेल्यांसाठी बोट थांबते. स्वतःच्या मनानं गेलेल्यांसाठी थांबत नाही. पाच वाजता जिना उचलणार. तुमचे पासपोर्ट बोटीवर जमा आहेत, एवढं लक्षात ठेवा." मी हसलो. आयुष्यभर निफाडहून पॅसेंजर पकडलेल्या माणसाला गाडीचं काय सांगता!

गाडी होतीही तशीच. बाहेरून रंगांनी चितारलेली, आत खच्चून गर्दी, दर दोन मिनिटांनी स्टेशन. एका बाईनं दादांची टोपी बघून उठून जागा दिली. डावीकडे तो ज्वालामुखीचा डोंगर दिसायला लागला, ज्यानं गाव गाडलं तोच.

"ह्योच का त्यो?" दादा म्हणाले.

"हाच."

त्यांनी पायथ्याकडे बोट दाखवलं. "त्याच्याच अंगावर परत बागा लावल्यात रं लोकांनी. राखंची जमीन हाय, निचरा लय चांगला असंल."

बागेचं नाव निघालंच आहे तर म्हणून मी सुरुवात केली, "दादा, ते आपल्या रोडच्या बागेचं..."

"पाणी दे जरा बाटलीतलं," दादा म्हणाले. पाणी पिऊन त्यांनी डोळे मिटले ते उतरेपर्यंत.

पॉम्पेई मला आवडलं असं म्हणता येणार नाही, कारण मी ते नीट पाहिलंच नाही. मी सारखा घड्याळ बघत होतो आणि बोलण्याची संधी शोधत होतो. दादांनी मात्र पाहिलं. दगडी रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या होत्या, त्यात पाऊल ठेवून पाहिलं. पावाच्या भट्टीवाल्याच्या घरातली दगडी जाती बघून म्हणाले, "माणसाच्यानं नाय फिरायचं हे, गाढवं लावत असतील." एका काचेआड राखेतून सापडलेल्या माणसाच्या देहाचा ठसा होता, गुडघे पोटाशी घेऊन तोंड झाकून बसलेला. दादांनी टोपी काढली. तिथे लॉन्सचा विषय काढण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो. बाहेर आल्यावर काढला. "दादा, झाडांचंही वय होतंच की," मी म्हटलं.

"ऊन लय लागतंय," दादा म्हणाले, आणि भिंतीच्या सावलीनं भराभर पुढे निघाले.

असे आम्ही चालत गावाच्या पार टोकाला आलो, आणि तिथे द्राक्षबाग! पडक्या भिंतींच्या मधोमध, लाकडी दांडक्यांवर चढवलेली, हिरवीगार. मणी ज्वारीएवढे झालेले. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. ज्या बागेतून या माणसाला इतक्या लांब काढून आणलं, ती पुढ्यात येऊन उभी राहिली होती.

कडेला इंग्रजीत पाटी होती. दादा म्हणाले, "वाच." मी वाचून सांगितलं: तेव्हाही इथे द्राक्षंच होती. राखेत झाडं गाडली गेली, मुळ्या कुजून गेल्या, पण त्यांच्या जागी राखेत पोकळ्या राहिल्या. खोदणाऱ्यांना त्या सापडल्या. त्यावरून कुठलं झाड कुठे होतं ते कळलं आणि नेमक्या त्याच जागी ही नवी झाडं लावली.

"म्हंजे झाडं गेली, भोकं ऱ्हायली," दादा म्हणाले.

"हो."

"किती वर्सं?"

"दोन हजाराच्या आसपास."

बागेचं फाटक काम चालू असल्यामुळे उघडं होतं. मी पाटीचा फोटो काढत होतो तेवढ्यात दादा आत गेलेसुद्धा. ज्याला द्राक्षातलं कळत नाही त्याला सांगायला हवं: फांदीच्या आणि पानाच्या बेचक्यातून एक फुकटची फूट येते, तिला आम्ही बगलफूट म्हणतो. ती अन्न खाते आणि फळ धरत नाही. म्हणून ती कोवळी असतानाच चिमटीनं मोडायची. दादांनी हे काम इतकी वर्षं केलंय की वेलीजवळ उभं राहिलं की त्यांचा हात आपोआप चालतो; दुसऱ्याच्या बागेत पाहुणे म्हणून गेले तरी गप्पा मारता मारता अर्धी ओळ साफ करतात. निफाडकडे याला कुणी हरकत घेत नाही, उलट चहा देतात. दादांना वाटलं, जगात सगळीकडे तसंच.

मी वर पाहिलं तर दोन हजार वर्षांच्या पॉम्पेईत माझा बाप पटापटा बगलफुटी मोडत चालला होता.

"दादा! अहो, हात नका लावू!"

शिट्टी वाजली. गणवेशातली एक बाई हातवारे करत धावत आली. मागून कमरेला कात्री लावलेला एक म्हातारा, दादांच्याच वयाचा, लाल झालेलं तोंड घेऊन आला आणि इटालियनमध्ये दादांवर तुटून पडला. मी इंग्रजीत, हिंदीत, हात जोडून माफी मागत होतो. पोलीस, दंड, कोठडी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दादा शांत उभे. त्यांनी फक्त एक पान तोडलं, उलटं करून म्हाताऱ्यापुढे धरलं आणि त्यावरच्या तेलकट डागावर बोट ठेवलं. "डावणी," ते म्हणाले. डावणी हा द्राक्षावरचा वाईट रोग. ओल्या हवेत तीन दिवसांत बाग खातो.

म्हाताऱ्यानं पान घेतलं. उजेडाकडे धरलं. मग त्यानं दादांनी मोडलेल्या फुटी खालून उचलून बघितल्या, एकही चुकीची मोडलेली नव्हती. त्यानं त्या बाईला काहीतरी सांगितलं, ती मान हलवत परत गेली, आणि दोघं म्हातारे ओळीतून चालायला लागले. एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही अखंड बोलत होते. दादा बोटांनी दाखवत होते, आमच्याकडे एवढं उंच, एवढं अंतर. तो त्याच्या वेलींच्या काड्या दाखवत होता. आई गेल्यापासून दादांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. पण सव्वातीनची गाडी गेली तर काय, एवढंच मला दिसत होतं, आणि माझं डोकं सटकलं. "दादा, बास आता!" मी ओरडलो. "आपली बाग असल्यासारखं काय चाललंय?"

दादांनी हातातली फूट मोडली आणि न वळता म्हणाले, "ती तरी कुठं आपली ऱ्हायलीय आता."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला शब्द कळले नसतील, पण त्यानं दादांच्या खांद्यावर हात ठेवला. मग आम्ही निघालो.

सव्वातीनची गाडी गेलीच. त्यानंतरची रद्द झाली, हे एका मुलीनं हातानं फुली दाखवून समजावलं. पुढची सव्वाचारला. बोट पाच वाजता जिना उचलणार होती, खिशात पासपोर्ट नव्हता, आणि आम्ही दोघं फलाटावरच्या बाकावर बसलो होतो.

"आण तो कागद," दादा म्हणाले.

"कुठला?"

"पिशवीतला. विमानात बसल्यापासून ती पिशवी उराशी धरून हिंडतोयस. मला दिसत नाय व्हय?"

मी म्हटलं, दादा, घरी गेल्यावर बघू. ते म्हणाले, "नगं. घरी मी परत पाणी बघाया उठून जाईन." मी कागद काढला. त्यांनी तो मांडीवर ठेवला, टोपी सरळ केली आणि चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं एकेक अक्षर काढत सही केली. मग पेन मला परत दिलं.

"झाडं म्हातारी झालीत हे मला कळतं," ते म्हणाले. "तू काय वंगाळ करत नाहीस. फकस्त काढायच्या वक्ताला मला घरी ठिवू नगं. तुझ्या बहिणीकडं धाड आठ दिस."

मला एवढ्या मोठ्या विजयानंतर आनंद व्हायला हवा होता. पण मी गाडी येतेय का ते बघायला उठून उभा राहिलो.

बोट मिळाली. नेपल्सच्या स्टेशनातून आम्ही टॅक्सीत अक्षरशः कोसळलो, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा खलाशी जिन्याच्या दोऱ्या सोडत होता. वरून आमचे सगळे डीलर शिट्ट्या मारत होते. रात्रीच्या जेवणाला दादांनी त्यांना इटलीतली डावणी समजावून सांगितली. सहीचं ते कुणालाच बोलले नाहीत.

दसऱ्यानंतर आजूबाजूच्या बागांची छाटणी सुरू झाली तेव्हा मी दादांना बहिणीकडे नांदगावला सोडलं आणि जेसीबी बोलावला. दोन दिवसांत काम झालं. आठव्या दिवशी दादा परत आले. पाय धुतले, जेवले, काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी ओट्यावर आलो, तर दादा रोडच्या रानात होते. रान आता सपाट झालेलं. एक खुंट नाही, एक तार नाही. कुणीही या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं चालत गेलं असतं. दादा सरळ चालले होते. बांधापर्यंत गेले, वळले, मोजून चार पावलं बाजूला सरकले आणि पलीकडच्या ओळीतून परत यायला लागले. आमचा वेलींचा जुना मांडव बुटका होता आणि दादा उंच. ठरावीक अंतरावर ते मान खाली घालून वाकत होते, तार डोक्याला लागू नये म्हणून. मला रडू फुटलं. हाक मारावीशी वाटली, पण मारून त्यांना काय सांगणार होतो? चहा गार झाला, आणि दादांच्या अजून बऱ्याच ओळी बाकी होत्या.