हनुवटीनं दाबलेली शिफ्ट

मंडळी, आज स्वतःचाच राग आलाय, म्हणून लिहितोय.

इंदापुरात कचेरीसमोर सोपानराव लोकांचे मराठी अर्ज टाइप करून देतात. त्यांचा जुना ४८६ कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात त्यांचा मेव्हणा बारामतीला माझ्या दुकानात घेऊन आला. आठ एमबी रॅम, त्यावर विंडोज ९५ नुसतं रांगत होतं. मी नेहमीप्रमाणे बिनकामाचं सगळं उडवलं आणि हलकं विंडोज टाकून दिलं.

आज सकाळी सोपानरावांचा फोन आला. "सायेब, मशीन लय पळतंय, पण मला मराठी लिवता येईना."

एसटीनं गेलो. बघतो तर सोपानराव खाली वाकून हनुवटीनं शिफ्ट दाबत होते. डावा हात मनगटापासून नाही, मागं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला. आणि शिफ्टशिवाय तर आपली निम्मी अक्षरं उमटतच नाहीत.

विंडोजमध्ये यासाठी एक सोय असते. शिफ्ट एकदा दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं. 'हे कोणाला लागतंय' म्हणत मीच ती काढून टाकली होती.

फ्लॉपीवरून परत घातली. माफी मागायला लागलो, तर त्यांनी चहा सांगितला. "तुमाला कसं ठावं असणार? आपली गाठच कुठं पडली हुती?"

तेच जास्त लागलं.

मागच्या महिन्यात मी इथंच, आपल्या फोरमवर, मशीन हलकं करायला उडवायच्या फायलींची यादी टाकली होती. ज्यांनी ती वापरली त्यांना विचारतो: ज्याचं मशीन हलकं केलंत, त्याचे हात पाहिलेत का?