मावशीपुढे हळू खेळायचं नाही

विठ्ठलकाकांचा फोन आला तेव्हा मी इंदूमावशीच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. “सुनी, वयनी गेल्या वं... झोपेतच,” ते म्हणाले. मी उरलेले कप्पे भरले, झाकण लावलं, आणि मग लक्षात आलं की ही डबी आता मावशीच्या गावी, मावल्याला न्यायची नाही.

मावशीचा मावल्यात भाजीचा मळा होता. सकाळी वांगी-मेथी आदिलाबादच्या बाजारात पोचवायची आणि दुपारी ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडायचा, हा तिचा क्रम. खेळ तिला माहेरी, जैनथला वडिलांनी शिकवला होता. मधली दोन प्यादी पुढे, घोडे बाहेर, उंट बाहेर, राजा किल्ल्यात, एवढं ती भराभर उरकायची. समोरचा तोवर कडेची प्यादी सरकवत बसला असेल तर त्याचं काही खरं नव्हतं. ज्या प्याद्याला फक्त राजाचाच आधार असतो, तिथे ती सरळ उंट देऊन टाकायची, राजाला उघड्यावर ओढायची आणि मागून घोडा, वजीर सोडायची. तामसीची बस यायला वेळ आहे म्हणून टेकणारे लोक बस यायच्या आत हरून उठत. समोर राहणारे विठ्ठलकाका, मावसाजींचे मित्र, तिचे रोजचे गडी. ते जरा रेंगाळले की मावशी म्हणे, “काऊन हो भाऊजी, घोडे काय नवरदेवासाठी बांधून ठेवले?”

मागच्या वर्षी तिला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. मी व्यायामाची, औषधाची वेळापत्रकं भिंतीवर लावली. त्यात तिचा जीव रमणार नव्हता, हे मलाही कळत होतं. एका रविवारी विठ्ठलकाका आले, पट मांडला. मावशी डाव्या हाताने खेळू लागली. काकांनी एका कडेचं प्यादं सरकवलं, मग दुसऱ्या कडेचं. घोडा बाहेर काढला, परत घरी नेला. मावशीने उंट दिला, राजा ओढला, वजीर आणला, मात केली. मला केवढा आनंद झाला... ती मात्र हसली नाही. काकांकडे रोखून बघत राहिली.

“दया... करून राह्यले... माह्यावर?”

“नाही वं वयनी, लक्षच नोतं माहं.”

“मी... मेली नाही अजून. मांडा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिला ताण नको म्हणून बजावलं होतं. पण तिला आता जिंकू दिलं असतं, तर ती पुन्हा कधी पटाशी बसली नसती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काकांनी घोडे काढले, उंट काढले, राजा किल्ल्यात नेला. मावशीने सवयीने उंट दिला, पण या वेळी काकांची सगळी फौज जागी होती. हल्ला फुटला. मावशी हरली, आणि आजारानंतर पहिल्यांदा वाकड्या तोंडाने खळखळून हसली.

हरणाऱ्याने चहा करायचा, हा त्या ओसरीचा नियम. मी उठायला लागले तर तिने डाव्या हाताने मला खाली दाबलं आणि काठी टेकत स्वतः आत गेली. भांडी पडल्याचे आवाज आले... आम्ही दोघं जागचे हललो नाही. चहा आला तेव्हा अर्धा बशीत होता आणि साखर दुप्पट. काका एक घोट पिऊन म्हणाले, “वयनी, हे मात्र तुमी बदला घेतला बरं का!” त्यानंतर ती जाईपर्यंत ते रोज येत राहिले, आणि कधी ते हरत, कधी ती.

तिचा मुलगा हैदराबादला असतो, म्हणून घराची किल्ली माझ्याकडे आहे. दिवसकार्य झाल्यावर मी सगळं आवरलं. कपडे बांधले, औषधं बाजूला काढली. स्वयंपाकघरात मात्र चहा-साखरेचे डबे तिने चुलीच्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर आणून ठेवले होते, ते तसेच आहेत. रविवारी मी मावल्याला जाते, विठ्ठलकाका येऊन पट मांडतात आणि मला जराही सूट देत नाहीत. मग मी आत जाते, आणि उजव्या हाताची असूनही माझा हात आता आपोआप डावीकडे जातो.