काशीला नेलेला नवा चाकू

कराडहून निघाले तेव्हा माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक नवा घडीचा चाकू होता. आमची रोपवाटिका आहे. आंब्याची कलमं बांधायला मी वर्षानुवर्षं एकच चाकू वापरत आले. त्याचं पातं घासून घासून काडीएवढं उरलं, म्हणून निघायच्या आधी बाजारातून हा घेतला. शिसवी मूठ, बोटाएवढं पातं आणि पात्यावर नख अडकवायला बारीक खाच. उघडला की कट्ट असा आवाज करून घट्ट बसायचा आणि खटका दाबल्याशिवाय मिटायचा नाही. फक्त नवा असल्यामुळे उघडायला ताठ होता. दुकानदार म्हणाला, "वहिनी, वापरात आला की सैल होईल. तोवर नखं सांभाळा."

आमच्या ह्यांनी तो पर्समध्ये जाताना पाहिला. "विहिणीला भेटायला निघालीस की लढाईला?"

थट्टा होती, पण मला टोचली. कारण मी खरोखरच विहिणीला भेटायला निघाले होते. आमच्या मुग्धानं पुण्यात तिच्या कचेरीतला अनिरुद्ध पसंत केला होता. मुलगा मराठी, पण घर काशीचं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिथे जाऊन राहिलेलं. त्याच्या आई, शालिनीताई, निवृत्त संस्कृत शिक्षिका. फोनवर आमचं बोलणं दोनदाच झालं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं होतं, "मुलीला सोवळ्याची काही सवय आहे का?" मी "बघू, शिकेल" असं काहीतरी बोलले आणि रात्रभर तळमळत राहिले. आमच्या घरात सोवळं म्हणजे खताचे हात धुऊन जेवायला बसणं. साखरपुड्याआधी एकदा घर बघून येते, असं मी ठरवलं. हे रोपांना पाणी द्यायला मागे राहिले.

गाडीत चाकूची पहिली ओळख झाली. शेजारच्या बाईंच्या गाठोड्याची सुतळी सुटेना, ती एका ओढीत कापली. मग त्यांनी दिलेली संत्री सोलली. मूठ हातात छान भरत होती. पातं रुमालानं पुसून मिटवताना मात्र दोन्ही वेळा जपून, बोट बाजूला ठेवून मिटवावं लागलं. नवी वस्तू सोबत असली की हात सारखा तिच्याकडे जातो. मी झोपतानाही पर्स चाचपून पाहिली.

धुक्यामुळे गाडी रखडत पोचली. बनारसच्या थंडीबद्दल ऐकलं होतं, पण ही थंडी हाडात शिरणारी. स्टेशनबाहेर स्वेटर चढवला आणि चाकू पर्समधून स्वेटरच्या खिशात टाकला. तिथे तो हाताशी राहिला, पण वजनानं स्वेटर एका बाजूला ओघळायला लागला.

शालिनीताईंचं घर राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. रिक्षा जिथवर गेली तिथवर गेली, पुढे चालत. एका गायीला वळसा घालून आणि दोन मोटारसायकलींना वाट देऊन मी दारात पोचले. शालिनीताई उंच, सडपातळ. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर मोरपंखी शाल, तिचा एक पदर गळ्याभोवती नीट गुंडाळलेला.

"या. प्रवासात परेशानी नाही ना झाली? आधी हातपाय धुऊन घ्या, गरम पाणी ठेवलंय. इथे ठंडी फार."

त्यांचं मराठी असं, शुद्ध आणि मध्येच हिंदीचा खडा. त्यांचे यजमान गुडघ्यांमुळे जिना उतरत नसत. ते वरून नमस्कार करून पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. नाश्त्याला चूडा-मटर (तुपात परतलेले पोहे आणि कोवळे मटार) होतं. आपल्या कांदेपोह्यांची ही थंडीतली बहीण. मी दोनदा वाढून घेतलं. पण बोलणं पुढे सरकत नव्हतं. त्या विचारत, मी उत्तर देई, मग दोघी ताटात पाहत असू. माझ्या नखांच्या कडेला माती मुरलेली आहे, ती कितीही घासली तरी जात नाही. मी हात पदराखाली घेतले.

दुपारी त्यांनी मला घाट दाखवायला नेलं. संकठा घाटावर देवीला नमस्कार करून आम्ही पायऱ्या चढत-उतरत पंचगंगेपर्यंत गेलो. धुकं नदीवर इतकं दाट होतं की पलीकडचा काठ दिसतच नव्हता. नावा नुसत्या आवाजानं कळत होत्या. एका टोपलीवाल्याकडे लाल सालीचे पेरू दिसले. मी दोन घेतले, पायरीवर बसले आणि चाकू काढला. खाचेत नख घातलं तर निसटलं. पुन्हा घातलं, तेव्हा कट्ट.

शेजारी नावेला दोर बांधणारा एक नावाडी वळून म्हणाला, "अरे माताजी, बड़ा बढ़िया चक्कू रखी हैं!"

"अमरूद के लिए," मी म्हटलं आणि त्यालाही एक फोड दिली. तो हसला. शालिनीताईंनी फोड घेतली, पण त्यांची नजर पात्यावर होती.

"हे नेहमी जवळ ठेवता?"

"कामाचं आहे हो. कलमं बांधायचं."

"हूं," त्या म्हणाल्या. या हूंचा अर्थ मला लागला नाही.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. विश्वनाथाच्या दर्शनाला निघालो आणि चाकू खिशात आहे हे मी साफ विसरले. तपासणीच्या जागी महिला शिपायानं खिसा चाचपला आणि चाकू बाहेर काढला. मागची रांग थबकली.

"माताजी, ये क्या है?"

मी अमरूद, कलम, रोपं असं सगळं एकदम सांगायला लागले. माझं हिंदी अशा वेळी पार आटतं. ती बाई चिडली नाही. फक्त म्हणाली, "बाहर दुकान में रखवा दीजिए, फिर आइए." शालिनीताई माझ्याबरोबर रांगेतून बाहेर आल्या. ओळखीच्या फुलवाल्याकडे त्यांनी स्वतःच तो चाकू दिला. "भैया, ये समधिन जी का है," असं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून समधिन (विहीण) हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तो चाकू गहाण ठेवताना. कान तापले माझे. दर्शन झालं, पण खरं सांगायचं तर गाभाऱ्यासमोरही माझ्या मनात अर्धा विश्वनाथ आणि अर्धा चाकू होता. परत आलो तेव्हा फुलवाल्यानं तो झेंडूच्या पाकळ्यांत ठेवलेला होता. खिशात पडल्यावर जीव भांड्यात पडला.

तिथून विणकरांच्या वस्तीत जायचं होतं, साखरपुड्याच्या साड्या बघायला. शालिनीताईंनी मैदागिनहून टोटो (बॅटरीवरची रिक्षा) केली. मागच्या बाकावर आम्ही दोघी, पुढे वयस्क चालक. रस्ता खड्ड्यांचा. शालिनीताईंची शाल गळ्याभोवती एक वेढा घेऊन खांद्यावरून मागे सोडलेली होती. ते मी पाहिलं होतं. बोलले मात्र नाही. कालपासून किती गोष्टी बोलू की नको असं करून राहिल्या होत्या, त्यातलीच ही एक.

त्या सांगत होत्या, "लाल नको, लाल तर सगळेच..." आणि वाक्य तिथेच तुटलं. मी वळून पाहिलं. त्यांचं डोकं एकदम बाजूला खेचलं गेलं होतं. शालीचं टोक चाकात गेलं होतं, आणि वेढा गळ्यावर आवळला गेला होता. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, आवाज नाही.

"रोको! रोको!" मी ओरडले. चालकानं थांबवली. पण तोवर शाल चाकाच्या आसाभोवती गुंडाळली गेली होती आणि शालिनीताई टोटोच्या कडेच्या लोखंडी नळीला चिकटून अडकल्या होत्या. मी वेढ्यात बोटं घालून पाहिली. शिरेनात. लोक जमले. कोणी म्हणे पीछे लो, कोणी म्हणे चक्का खोलो. चालक घाबरून हँडल धरायला गेला. "मत हिलाओ!" असं मी कुठून ओरडले कोण जाणे.

शालिनीताईंनी माझं डावं मनगट धरलं. इतकं घट्ट की हाडं कळली.

उजव्या हातानं खिशातून चाकू काढला. एका हातानं तो उघडेना. मूठ दातात धरली, खाचेत नख घातलं. निसटलं. पुन्हा निसटलं. मनात म्हटलं, देवा, एवढा एकदा. तिसऱ्यांदा नख मोडलं, पण पातं बाहेर आलं. उरलेलं मी दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढलं आणि कट्ट आवाज झाला.

गळ्याजवळ पातं न्यायची माझी छाती नव्हती. गळा आणि चाक यांच्या मध्ये शाल दोरीसारखी ताणलेली होती. तिथे पात्याची धार बाहेरच्या बाजूला केली आणि दाबून ओढलं. ताणलेलं कापड पट्टकन तुटतं, हे रोपांच्या गोणपाटाच्या सुतळ्यांनी मला शिकवलंय. एका ओढीत अर्धी, दुसऱ्या ओढीत पूर्ण. शालिनीताई झटक्यासरशी माझ्या अंगावर कोसळल्या. मग त्या घरघर आवाज करत श्वास आत ओढायला लागल्या. तो आवाज मला जन्मभर पुरेल, इतका बरा वाटला.

कोणीतरी पाणी आणलं. कोणीतरी जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गळा तपासला, बोलायला लावलं, गिळायला लावलं. बाहेरून लाल वळ उठला होता, आत इजा नव्हती. "रात में साँस में तकलीफ हो तो तुरंत आइए," असं सांगून त्यांनी सोडलं. चालक दाराशी हात जोडून उभा होता. शालिनीताईंनी त्याला खुणेनं जा म्हटलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, तुझा हात बघ. रक्त येतंय."

बोट कधी कापलं मला कळलंच नव्हतं. पण मी बोटाकडे पाहिलं नाही. 'तुझा' म्हणाल्या, एवढंच ऐकू आलं. मग मला रडू फुटलं, दवाखान्याच्या दारात, भर दुपारी. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मुलांना फोन नको करूस," त्या म्हणाल्या. "घाबरून जातील उगीच. आपण नंतर सांगू." आणि थोड्या वेळानं, "शाल खराब झाली गं."

"माफ करा, मी..."

"शालच गेली ना? मी तर आहे." आणि हसायला गेल्या, तर खोकला आला.

साड्या त्या दिवशी राहिल्या. घरी येऊन त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून माझ्यासमोर दोन्ही हात जोडून उभे राहिले.  मग त्यांनी माझ्या बोटाला स्वतः हळद लावली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मटार सोलताना मी धीर केला. "ताई, सोवळ्याबद्दल विचारलं होतंत ना तुम्ही..."

त्या थांबल्या. "इथली नातेवाईक मंडळी मला विचारतील म्हणून विचारलं गं. मलाच ते आता झेपत नाही. तुम्ही सगळे काय समजाल म्हणून मीही किती दिवस डरत होते." मग माझे हात धरून, मातीच्या त्या कडांवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "मुग्धाला झाडं लावता येतात का? आमच्या गच्चीवर काहीच जगत नाही."

मी तिथे असेपर्यंत त्यांच्या गच्चीवरच्या मोगऱ्याची वाळकी फांदी न् फांदी छाटली. चाकू एव्हाना हाताला सरावला होता. एका नखानं उघडत होता, निबर लाकडात न अडखळता जात होता, आणि त्याच्या पात्यावर दोन-चार डाग पडले होते. नवेपण संपलं होतं त्याचं. परतीच्या दिवशी सकाळी शालिनीताईंनी मला मलइयो (थंडीतच मिळणारा दुधाचा केशरी फेस) खायला नेलं. जिभेवर ठेवला की नाहीसाच होतो. त्यांच्या गळ्यावरचा वळ फिका झाला होता. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या होत्या.

परतीच्या प्रवासात मी जवळजवळ सगळा वेळ झोपले. इतकी गाढ झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मी घर बघायला गेले होते, भिंती, स्वयंपाकघर, देवघर, रीतभात. ते सगळं पाहिलं, आणि आता आठवू म्हटलं तर नीट आठवतही नाही. माणूस असं पाहुणचाराच्या ताटात दिसत नाही, आणि ज्या प्रसंगात दिसतं तो कोणावर यावा असं मी म्हणणार नाही. पण आला, आणि आम्ही दोघी त्यातून धडधाकट बाहेर पडलो.

पुणे स्टेशनवर मुग्धा घ्यायला आली होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. बॅग खांद्यावर घेत तिनं पहिल्याच दमात विचारलं, "आई, कशा आहेत गं त्या? खरं सांग."

डाव्या मनगटावर चार बोटांचे निळे डाग अजून होते. मी बाही वर करून तिला दाखवले.

"अगं बाई! हे काय?"

"सांगते," मी म्हटलं. "घाबरल्या की अशा धरतात. सोडत नाहीत. तू जा बिनघोर त्या घरात."