पाच मिनिटं बसा

धाड गावच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात फोन वाजला, पण मी उचलला नाही. समोरच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, रक्तदाब मोजण्याआधी शांत बसायची त्यांची पाच मिनिटं चालू होती, आणि तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही, हा डॉ. श्रीराम खंडारे सरांचा नियम. बाईंचा रक्तदाब मोजला, आकडा लिहिला, मग फोन लावला. सर गेले होते... त्यांचाच नियम पाळल्यामुळे बातमी मला उशिरा कळली. सरांना हे नक्की आवडलं असतं.

वडनेर भोलजीच्या शेतकरी घरातला हा माणूस. रक्तदाबावरचं त्यांचं संशोधन परदेशातल्या परिषदांमध्ये वाचलं गेलं, मोठ्या शहरांतून बोलावणी आली. पण अभ्यास चालायचा तो आमच्या खेड्यांत. बाजाराला आलेला माणूस ओझं वाहून, चहा पिऊन आलेला असतो. त्याला आधी बसवा, मग मोजा, यासाठी सरांनी अख्ख्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांशी हुज्जत घातली. मी त्यांच्याकडे नर्स म्हणून लागले तेव्हा मला ही सगळी नाटकं वाटायची. पहिल्याच वर्षी मी घोळ घातला. पाऱ्याच्या नळीवरच्या बारीक रेघा बघायचा कंटाळा; जवळचा शून्याने संपणारा आकडा दिसला की तोच लिहून मोकळी. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "सिस्टर, सगळ्याइचे आकडे शून्यावरच काऊन थांबून राह्यले?" मी कबूल केलं. नोकरी गेली, असं धरूनच चालले होते. ते म्हणाले, "ह्या शून्यापायी एखादीले फुकटची गोळी चालू होईन, अन् जिले पाह्यजे ते तशीच घरी जाईन. चाला, पुन्हा मोजू." वर्षभराचं काम बाद करून आम्ही तीच घरं पुन्हा फिरलो. वरिष्ठांना त्यांनी कळवलं की देखरेखीत आपणच कमी पडलो. माझं नाव कुठेच आलं नाही.

गेल्या महिन्यात बुलढाण्याला त्यांच्या घरी गेले. सर फार थकले होते. पट्टा बांधला, मोजलं, आणि तो आकडा मला सांगवेना. जरा बरा सांगितला. सरांनी डोळे मिटले. "पाच मिनिटं बसतो, सिस्टर. पुन्हा घ्या. अन् खरा लिवा." मी पुन्हा घेतला. रडत होते, पण खरा लिहिला.

त्यांची ती लाकडी खुर्ची त्यांच्या पत्नीने धाडला पाठवून दिली आहे. परवा सोबतची नर्स माझाच रक्तदाब मोजायला आली, घाईत होती. मी म्हटलं, थांब जरा. मग सरांच्या खुर्चीत गप्प बसून राहिले. इतक्या दिवसांची झोप नाही, आकडा चढलेलाच निघणार हे मला ठाऊक होतं. पाच मिनिटं झाल्यावर हात पुढे केला.

"घे आता," म्हटलं. "निघंन तोच लिव."